घरच्या डिस्क प्लेअरसाठी चौफेर ध्वनी : डीकोडर कसा निवडावा

‘फाइव्ह पॉइंट वन’ हे शब्द खोक्यावर छापलेले दिसले, की आत चौफेर ध्वनीची उकल करणारे यंत्र, म्हणजे डीकोडर, असणारच, असा समज आमच्या लिंबायत-उधना भागात घट्ट रुजलेला आहे. हा समज खरा नाही, आणि त्यापायी कष्टाचा पैसा वाया जातो. लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करणाऱ्या एका पालकाने हप्त्याने असा संच घेतला. सहा स्पीकर होते, सहा वायरी होत्या, निळे दिवे होते; पण सहाही स्पीकरांतून एकच आवाज येई. दुकानदाराने दोष तबकडीचा आहे असे सांगून त्याची बोळवण केली. झाकण उघडून पाहिले तेव्हा आत एक ट्रान्सफॉर्मर आणि आवाज मोठा करणाऱ्या चार-दोन आयसी एवढेच होते. दोन वाटांनी आत आलेला आवाज सहा ठिकाणी वाटून दिला होता, इतकेच. डीकोडर नावाची वस्तू त्यात नव्हतीच.

यंदाच्या महोत्सवानिमित्त न्यासाच्या वाचनालयात डिस्क प्लेअर व ध्वनिसंच बसवावा, अशी सूचना पुढे आली आहे. देणगीतून आलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब न्यासाला द्यावा लागतो. तेव्हा या विषयाची फोड एकदा नीट व्हावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. तो घरी संच घेऊ पाहणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

प्रथम डीकोडर करतो काय, ते पाहू. डीव्हीडीवर चौफेर ध्वनीचे सहा चॅनेल असतात : पुढे डावा, मधला व उजवा, मागे डावा व उजवा, आणि सहावा केवळ गडगडाटी, खर्जातल्या आवाजांसाठी. हा सहावा सुमारे १२० हर्ट्‌झपर्यंतचेच आवाज वाहतो, म्हणून त्याला पूर्ण एक न धरता ‘पॉइंट वन’ म्हणतात. आता हिशेब करा. एका चॅनेलचे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. सहा चॅनेलांचे झाले ४६,०८,००० बिट. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटल पद्धतीला जास्तीत जास्त ४,४८,००० बिट मिळतात, म्हणजे दहावा हिस्सा. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज मानवी कानाला ऐकू येत नाही, या गुणाचा फायदा घेऊन न ऐकू येणारा भाग मुळातच गाळला जातो आणि उरलेला दाबून भरला जातो. ही घडी उलगडून सहा चॅनेल पुन्हा निरनिराळे करणे, हे डीकोडरचे काम. डीटीएस ही दुसरी पद्धत डीव्हीडीवर सेकंदाला सुमारे साडेसात लाख किंवा पंधरा लाख बिट घेते. तेवढ्यावरून ती दुप्पट-तिप्पट चांगली असे विक्रेते सांगतात. दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारच्या लूमच्या खडखडाटात, तो फरक ओळखणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

चौफेर ध्वनीची हौस नवी नव्हे. वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी १९४० साली ‘फँटासाउंड’ नावाची बहुचॅनेली व्यवस्था काही मोजक्या चित्रगृहांत बसवली होती. १९५३ च्या ‘द रोब’ या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटाबरोबर चुंबकीय पट्ट्यांवरचे चार चॅनेल आले. आपल्याकडे १९७५ चा ‘शोले’ सत्तर मिलिमीटरवर स्टीरिओ ध्वनीसह दाखवला गेला. उडवलेले नाणे जमिनीवर पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक आसनाखाली पाहत, ही गोष्ट आमच्या आधीची पिढी अजून सांगते. पुढे १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बी डिजिटल आणि १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’पासून डीटीएस चित्रगृहांत आले. १९९६ अखेर जपानात डीव्हीडी बाजारात आली आणि या दोन्ही पद्धती घरात शिरल्या.

निवडीच्या दृष्टीने मात्र याहून बोधप्रद प्रकरण १९७०च्या दशकातले आहे. तेव्हा चार स्पीकरांच्या ‘क्वाड्राफोनिक’ ग्रामोफोन तबकड्या निघाल्या. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस आणि जेव्हीसीची सीडी-४, अशा तीन पद्धती एकाच वेळी बाजारात आल्या. एकीची तबकडी दुसरीच्या डीकोडरवर धड वाजेना. सीडी-४ ला तर खास घडणीची सुई लागे. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडले, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिन्ही पद्धती बाजारातून उठल्या. तेव्हा डीकोडर घेण्यापूर्वी आपल्या घरात तबकड्या कोणत्या आहेत, हे आधी मोजावे. यंत्र तबकड्यांसाठी घ्यायचे असते.

आमच्या भागातल्या घरांत काय निघते? निम्म्याहून अधिक व्हिडिओ सीडी. त्यांत मराठी नाटके आहेत, कव्वाल्या आहेत, जुने हिंदी चित्रपट आहेत. व्हिडिओ सीडीवर आवाजाचे दोनच चॅनेल असतात. तिच्यातून सहा काढण्याचा दावा कोणी केला तर तो जादूगार समजावा. लग्नाच्या तबकड्यांचेही तेच. डीव्हीडी असली तरी लग्नाचे चित्रण करणाऱ्याच्या कॅमेऱ्याने दोनच चॅनेल टिपलेले असतात. (या तबकड्यांत आता हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. घरी लिहिलेल्या तबकड्या कालांतराने खराब होतात. संच घेण्याआधी त्यांची नक्कल संगणकावर करून ठेवावी, हे डीकोडरहून निकडीचे काम.) चित्रपटांच्या छापील डीव्हीडीवर मात्र वेष्टनाच्या मागे ‘डॉल्बी डिजिटल ५.१’ किंवा ‘डीटीएस’ असे छापलेले असते. नुसते ‘डॉल्बी डिजिटल’ असेल तर ते दोन चॅनेलांचेही असू शकते, ‘५.१’ हा आकडा शोधावा.

दोन चॅनेलांतून चार काढण्याची एक जुनी युक्ती आहे आणि ती शाळेच्या फळ्यावर समजावून सांगता येते. डॉल्बी सराउंड ही पद्धत १९८२ मध्ये घरगुती यंत्रांत आली. तीत डाव्या वाटेत डाव्याबरोबर मधल्याचा अंश व मागच्याचा अंश मिळवलेला असतो. उजव्या वाटेत उजव्याबरोबर मधल्याचा अंश मिळवलेला, पण मागच्याचा वजा केलेला असतो. आता दोन्ही वाटांची बेरीज केली की मागचा आवाज नाहीसा होतो व मधला वर येतो. वजाबाकी केली की मधला नाहीसा होतो व मागचा वर येतो. नववीच्या मुलाला हे एकसामयिक समीकरणांवरून लगेच कळते. मात्र तोच मुलगा विचारतो की, गुरुजी, समीकरणे दोन आणि अज्ञात राशी चार, मग उत्तर पुरते कसे सुटेल? बरोबर आहे, ते पुरते सुटत नाही. म्हणून १९८७ च्या प्रो लॉजिक डीकोडरमध्ये क्षणोक्षणी कोणत्या दिशेचा आवाज प्रबळ आहे हे पाहून त्या दिशेला जोर देणारी योजना केली. तरीही हा अंदाजच. डॉल्बी डिजिटलचे सहा चॅनेल मुळातच वेगवेगळे लिहिलेले असतात, हा दोहोंतला खरा भेद.

या गणिताचा एक परिणाम पुष्कळांना चकवतो. १९५३ चा ‘श्यामची आई’ किंवा १९३६ चा ‘संत तुकाराम’ लावला, की डावी व उजवी वाट अगदी सारखी असते, कारण मूळ ध्वनी एकाच चॅनेलचा आहे. प्रो लॉजिक चालू असेल तर वजाबाकी शून्य येते आणि सारा आवाज मधल्या स्पीकरमधून निघतो. संच बिघडला असे समजून लोक तो दुरुस्तीला नेतात. संच बिघडलेला नसतो. तो बरोबर वागत असतो. प्रभातच्या चित्रपटांना चौफेर ध्वनी देण्याचा खटाटोप आम्हांस तर अनाठायी वाटतो. तो आवाज पडद्यामागच्या एकाच जागेवरून यावा, अशाच बेताने केलेला आहे.

आता जोडणीकडे वळू, कारण चांगला डीकोडर घेऊनही निम्मे लोक इथे अडतात.

डिस्क प्लेअरच्या पाठीमागे तांबड्या-पांढऱ्या दोन खोबणी असतात. त्यांतून दोनच चॅनेल बाहेर येतात. त्या वाटेने ५.१ कधीही मिळणार नाही. काही जुन्या डीव्हीडी प्लेअरांना मागे सहा खोबणी असतात. अशा प्लेअरमध्ये डीकोडर आतच बसवलेला असतो, आणि त्याला सहा वेगळ्या वाटा असलेला साधा अँप्लिफायर पुरतो. घरात असा प्लेअर धूळ खात पडला असेल तर नवा डीकोडर घेऊ नये. तिसरी वाट डिजिटल : एक नारिंगी खोबणीची कोअॅक्सियल, दुसरी प्रकाशाच्या तारेची ऑप्टिकल. दोन्हींतून सारखाच मजकूर जातो. ऑप्टिकलची तार महाग म्हणून आवाज चांगला, असे काही नाही. कोअॅक्सियलसाठी ७५ ओहमची वायर लागते आणि टीव्हीच्या केबलच्या जातीची वायर त्याला चालते.

इथे एक खाच आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुटसाठी ‘पीसीएम’ आणि ‘बिटस्ट्रीम’ (कुठे ‘रॉ’) असे पर्याय असतात. पीसीएम ठेवले तर प्लेअर स्वतःच सहाचे दोन करून पाठवतो, कारण या तारेतून न दाबलेले दोनच चॅनेल जाऊ शकतात. बिटस्ट्रीम ठेवले तर दाबलेला मजकूर जसाच्या तसा डीकोडरकडे जातो. पुष्कळ प्लेअर कारखान्यातून पीसीएमवर ठेवूनच येतात. डीकोडर चालत नाही म्हणून परत करण्यापूर्वी एवढे पाहावे.

ब्लू-रे तबकडीवर डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या काहीही न गाळणाऱ्या पद्धती असतात. त्या ऑप्टिकल तारेत मावत नाहीत. त्यांना एचडीएमआय लागते. त्यांचा दाबलेला मजकूर जसाच्या तसा नेण्याची सोय २००६ च्या एचडीएमआय १.३ पासून झाली. पण म्हणून जुना ऑप्टिकलवाला रिसीव्हर भंगारात घालण्याचे कारण नाही. डीटीएस-एचडीच्या पोटात साधा डीटीएस असतोच, आणि ब्लू-रेवर ट्रूएचडीच्या जोडीला साधा डॉल्बी डिजिटलही लिहिलेला असतो. जुन्या यंत्राला तो मिळतो. सुपर ऑडिओ सीडीचा बहुचॅनेली भाग मात्र ऑप्टिकलमधून येत नाही. त्या तबकड्या सुरतेत फारशा कोणाच्या घरी नाहीत, म्हणून तो विषय इथेच सोडतो.

प्लेअर थेट डीकोडरला जोडावा, टीव्हीच्या मार्गे नव्हे. प्लेअरचा आवाज एचडीएमआयने टीव्हीत नेऊन टीव्हीच्या ऑप्टिकलमधून बाहेर काढला, की अनेक टीव्ही त्याचे दोन चॅनेल करून टाकतात. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत.

मग घ्यावे काय? तीन मार्ग आहेत. पहिला, ए-व्ही रिसीव्हर : डीकोडर, अँप्लिफायर, स्पीकरांची अंतरे व पातळ्या जुळवण्याची सोय, सारे एकत्र. सर्वांत महाग, पण सर्वांत कमी डोकेदुखीचा. जुना घ्यायला हरकत नाही, फक्त सर्व चॅनेल व सर्व खोबणी आपल्या समोर वाजवून पाहाव्यात. दुसरा मार्ग, ऑप्टिकल किंवा कोअॅक्सियल आत घेऊन सहा वाटा बाहेर देणारी लहान डीकोडर-डबी, आणि तिच्यापुढे सहा वाटांचा जुळणी केलेला अँप्लिफायर. आमच्या भागातल्या बहुतेकांच्या खिशाला हाच मार्ग परवडतो आणि तो वाईट नाही. डबी घेताना ती डॉल्बी डिजिटल व डीटीएस दोन्ही उलगडते का, हे आपल्या तबकड्यांवर पारखून घ्यावे; आणि अँप्लिफायरला सहा स्वतंत्र आत येणाऱ्या वाटा आहेत का, हे मोजावे. वर सांगितलेल्या पालकाच्या संचाला अशा वाटा होत्या. त्याला पुढे फक्त डबी जोडली आणि संच कामाला लागला. तिसरा मार्ग साउंडबारचा. जागा वाचते, पण केवळ समोर ठेवलेल्या पट्टीतून मागचा आवाज यावा ही अपेक्षा भिंतींच्या परावर्तनावर अवलंबून असते. आमच्या खोल्यांत एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडे दार, असे परावर्तन व्हायचे कुठून?

वॅटच्या आकड्यांविषयी थोडे बोलणे भाग आहे. खोक्यावर ‘४००० वॅट पीएमपीओ’ आणि यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर ‘वीज ६० वॅट’, असे संच आम्ही पाहिले आहेत. ऊर्जा निर्माण करता येत नाही, हे आम्ही वर्गात शिकवतो. ते दुकानातही खरे असते. कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा निमिषभर जास्त शक्ती देऊ शकते, त्या निमिषाचा फुगवलेला आकडा म्हणजे पीएमपीओ. सतत मिळणारी शक्ती आरएमएस आकड्यात असते आणि ती पाठीवरच्या पट्टीपेक्षा कमीच असणार. घराला चॅनेलमागे खरे वीस वॅट पुष्कळ झाले.

सहा स्पीकरांत आमच्या मते मोलाचा एकच : मधला. चित्रपटातले जवळजवळ सर्व संवाद त्यातून येतात. घरातल्या नानीला किंवा आजोबांना चित्रपट ‘दिसतो पण कळत नाही’, अशी तक्रार घरोघरी असते. वयोमानाने उंच स्वर ऐकू येणे कमी होते, आणि स, श, त, क यांसारखी व्यंजने त्याच उंच स्वरांत असतात. दोन चॅनेलांच्या मिश्रणात संवाद, पार्श्वसंगीत व मोटारींचे आवाज एकात एक कालवलेले असतात; आवाज वाढवला तर सारेच वाढते आणि म्हातारी माणसे कानावर हात ठेवतात. डीकोडर असला म्हणजे मधला चॅनेल वेगळा हाती येतो. तेवढाच तीन-चार डेसिबल वाढवला, की घरातले वृद्ध पुन्हा गोष्ट समजून हसू लागतात. आम्ही हे एकाहून अधिक घरांत करून दिले आहे. म्हणून पैसे थोडे असतील तर मागच्या स्पीकरांत व मोठ्या सबवूफरमध्ये काटकसर करावी. मधला स्पीकर चांगला घ्यावा आणि तो टीव्हीच्या अगदी खाली किंवा वर, ऐकणाऱ्याच्या कानाच्या रोखाने ठेवावा. मागचे दोन चॅनेल जोडायचेच नसतील तर डीकोडरला तसे सांगता येते; तो त्यांचा आवाज पुढच्यांत मिसळून देतो.

मागचे जोडणार असाल तर ते ऐकणाऱ्याच्या दोन्ही अंगांना, किंचित मागे, कानापेक्षा थोडे उंच असावेत. पाठीमागच्या भिंतीच्या कोपऱ्यात छताला लावण्याची रीत आहे ती चुकीची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास तीन सहस्रांश सेकंद. पुढचा स्पीकर तीन मीटरवर आणि मागचा एकावर असेल तर मागचा आवाज सहा सहस्रांश सेकंद आधी पोहोचतो, आणि जो आवाज आधी येतो त्याच दिशेला कान फसतो. डीकोडरमध्ये अंतरे भरली, की तो मागच्या चॅनेलला तेवढा थांबवतो. टेप घेऊन मोजण्याचे हे पाच मिनिटांचे काम फार थोडे लोक करतात. वायरींचे अधिक-उणे टोकही सर्व स्पीकरांना सारखे जोडावे, नाही तर खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. शंका आल्यास दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला असेल तर पडदा बाहेर येतो.

लादीची जमीन आणि गिलावा केलेल्या उघड्या भिंती यांमुळे आमच्या खोल्या घुमतात. सुरतेत पडद्याच्या कापडाला तोटा नाही, पण पातळ पॉलिएस्टरचा पडदा ध्वनी शोषत नाही. भिंतीवर जाड गोधडी टांगलेली बरी. सबवूफर जमिनीवर ठेवतात, तो चार विटांच्या ओट्यावर ठेवावा. ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना याचे कारण सांगायला नको. रिसीव्हर तापतो, त्यावर भरतकामाचे आवरण घालून तो कपाटात कोंडू नये.

आणि भिंतीपलीकडे माणसे राहतात. खर्जाचा आवाज विटांची भिंत सहज ओलांडतो. पलीकडे रात्रपाळीहून आलेला मनुष्य झोपलेला असतो, कोणाचा मुलगा दहावीला बसलेला असतो, रमझानमध्ये सहरीसाठी उठायचे असते. डॉल्बी डिजिटलमध्ये मोठे आवाज दाबून बारीक आवाज उचलणारी सोय असते. तिला ‘नाइट मोड’ किंवा ‘डीआरसी’ म्हणतात. स्वस्त डबीत ती नसली तर बहुधा प्लेअरच्या सेटिंगमध्ये सापडते. रात्री नऊनंतर ती लावावी आणि सबवूफर बंद करावा.

खरेदीला जाताना ‘५.१’ छापलेली आपली स्वतःची तबकडी बरोबर न्यावी. दुकानातली प्रात्यक्षिकाची तबकडी काहीही वाजवते. ज्या प्रसंगात दोन माणसे संथपणे बोलत आहेत असा प्रसंग लावावा, आणि मधल्या स्पीकरची वायर काढायला सांगावी. संवाद जवळजवळ नाहीसे झाले तर आत खरा डीकोडर आहे. संवाद उरलेल्या पाचांतून तसेच ऐकू येत राहिले, तर दुकानदाराचा चहा घेऊन परत यावे. न्यासाच्या वाचनालयासाठी आमची शिफारस अशी : दोन्ही पद्धती उलगडणारा, एचडीएमआय असलेला एक मध्यम प्रतीचा रिसीव्हर, पुढे तीन चांगले स्पीकर, आणि मागच्या दोघांसाठी आतापासून भिंतीत नळी टाकून ठेवणे. मागचे स्पीकर पुढील वर्षी घेता येतील. खरेदीच्या दिवशी समितीबरोबर वायर काढायला आम्ही येऊ.